पिल्लू आणि ढग

आई आणि बायकोचं पटत नाही, अशी तक्रार प्रफुल्ल साळवे ऑफिसात अधूनमधून करायचा. पण खरं सांगायचं तर त्याला त्याचं फारसं दुःख नव्हतं. पाटबंधारे खात्याच्या ऑफिसातून तो संध्याकाळी जेल रोडच्या घरी आला, की बूट काढायच्या आत आई गॅलरीतून खुणावायची. "तुझ्या बायकोनं आज पुन्हा कोथिंबीर ओलीच फ्रिजमध्ये टाकली. मी काही बोलले नाही हं." मग कपडे बदलायला आतल्या खोलीत गेला, की अंजली दार लोटून घ्यायची. "मी कामावरून आल्यापासून आई कोथिंबिरीवरून टोमणे मारत होत्या. मी एक शब्द काढला नाही." प्रफुल्ल दोघींचं ऐकून घ्यायचा, कपाळाला आठ्या घालायचा, "मी बघतो" म्हणायचा. बघायचा काहीच नाही. पण दोघींनाही आपण लागतो, दोघींचंही मन आपल्यापाशीच मोकळं होतं, या सुखावर त्याची संध्याकाळ छान जायची.

हे सुख त्यानं स्वतःच्या हातानं घालवलं.

एप्रिल लागला होता. चौदा तारखेच्या जयंतीच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा जुन्या गोधड्यांच्या मागून एक खोकं निघालं. त्यात त्याचा लहानपणीचा टीव्ही गेम होता. पांढरा सेट पार पिवळट पडलेला, वायरींचा गुंता झालेला, आणि दोन रिमोट. त्यातल्या एकाच्या वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती निवृत्तीरावांनी, प्रफुल्लच्या वडिलांनी गुंडाळलेली. ते रेल्वेत होते, नाशिकरोड ते मनमाड रोज जाऊन-येऊन करायचे, आणि रात्रीच्या जेवणाआधी लेकाबरोबर हा गेम खेळायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

खोक्यात कॅसेट मात्र एकच होती. तिच्यावरचं चित्र अर्धं सोललेलं, अक्षरं जपानी. प्रफुल्लनं तिच्या तोंडावर जोरात फुंकर मारली, सेटमध्ये दाबून बसवली, टीव्हीच्या मागे पिना खोचल्या. दोनदा पडदा नुसता करडा झाला. तिसऱ्यांदा ती टिंगटिंग धून वाजली.

"अंडू!" तो ओरडला.

पडद्यावर कोंबडीचं एक पिवळं पिल्लू उभं होतं. डोक्यावर फुटक्या अंड्याचं अर्धं कवच टोपीसारखं घातलेलं. त्याला उडता येत नाही. उडी मारली की इवलेसे पंख फडफडवून ते क्षणभर हवेत तरंगतं, आणि संकट आलं की कवचात शिरून गडगडत सुटतं. मार लागला तर मरत नाही. खाली बसतं, शिंकतं, घरंगळलेलं कवच पुन्हा डोक्यावर चढवतं. रस्त्यात डोळे मिचकावणारे कांदे येतात. जपान्यांनी बहुधा सलगम काढले असावेत, पण साळव्यांच्या घरात ते पहिल्यापासून कांदेच. पुढे छत्री घेतलेले बेडूक, मग गोगलगायींची आगगाडी, मग तळ्यात आंघोळीला उतरलेला चंद्र. आणि या सगळ्यात पिल्लाच्या मागून एक छोटा ढग येतो. तो दुसऱ्या रिमोटवर चालतो. मोठी दरी आली की ढगानं पुढे जाऊन थांबायचं, पिल्लानं त्याच्यावर उडी मारायची. दोघं एकदिलानं खेळले तरच पुढे जाता येतं.

"अय्या, किती गोड आहे हो!" अंजली म्हणाली. तिच्या हाताला अजून रंग लागलेला होता. "मी खेळू?"

तिला दाखवायला, थोडं मिरवायलाच, तर त्यानं तो लावला होता. त्यानं आनंदानं तिच्या हातात पिल्लाचा रिमोट दिला आणि ढगाचा आपण उचलणार, इतक्यात खालून रंगाऱ्यानं हाक मारली. तो जिना उतरून गेला. रंगाच्या डब्यांची भानगड मिटवून वर आला, तर दिवाणावर अंजलीच्या शेजारी यशोदाबाई बसलेल्या होत्या. डोळ्यांना चष्मा, पदर खोचलेला, आणि हातात काळ्या चिकटपट्टीचा रिमोट.

"आई, थांबा, थांबा... आता या!" अंजली म्हणत होती.

"अगं आलेच. तू उडी मार. मी आहे खाली."

पिल्लू ढगावर अलगद उतरलं. दोघी एकदम ओरडल्या. प्रफुल्ल दारातच उभा राहिला. सासूसुनेला एका आवाजात ओरडताना त्यानं लग्नाच्या आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी त्याला बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं.

त्यांची लेक सृष्टी सुट्टीला येवल्याला आजोळी गेलेली होती, त्यामुळे घरात तसा निवांतपणा होता. अंजली दुपारी चारला लॅबमधून सुटायची. पूर्वी ती आली की यशोदाबाई आपल्या खोलीत जायच्या. आता त्या चहाचं आधण ठेवूनच तिची वाट बघू लागल्या. प्रफुल्ल घरी यायचा तेव्हा जिन्यातच त्याला ती टिंगटिंग धून ऐकू यायची. गॅलरीतून कुणी खुणावत नव्हतं. आतल्या खोलीत कुणी दार लोटत नव्हतं. तो बूट काढायचा, मुद्दाम जरा आवाज करून ठेवायचा, आणि दोघी पडद्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "आलास का?" "आलात का?"

"कोथिंबिरीचं काय झालं?" एकदा त्यानं न राहवून विचारलं.

"कसली कोथिंबीर?" यशोदाबाई म्हणाल्या. "अंजली, बेडूक!"

आठवडाभरात दोघींनी पिल्लाचं नावही बदलून टाकलं. अंडूचा बबड्या झाला. "अंडू नाव आहे त्याचं," प्रफुल्ल म्हणाला. "मी आणि बाबांनी ठेवलेलं."

"अंडू काय? शी," अंजली म्हणाली. "तोंडावरून बबड्याच वाटतो तो. हो ना आई?"

"बबड्याच आहे," यशोदाबाईंनी निकाल दिला.

तो त्यांना सल्ले देऊ लागला. वरून जा, उजवीकडचा कांदा खोटा आहे, गोगलगायीच्या पाठीवर दोनदा उडी नका मारू. "माहितीये," दोघी म्हणायच्या. त्यानं ऑफिसात बसून इंटरनेट धुंडाळलं. जुन्या खेळांच्या नादी लागलेल्या कुठल्या कुठल्या लोकांनी त्या पिल्लाबद्दल चार ओळी लिहिलेल्या सापडल्या. कुणाला फारसा माहीत नसलेला, जपानबाहेर कधी नीट न आलेला, पण मिळाला तर सोडू नये असा गोड खेळ, असं त्यांचं म्हणणं. त्यानं घरी येऊन ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आपल्या घरात काय रत्न होतं आणि ते कुणामुळे बाहेर निघालं, हे कुणीतरी लक्षात घ्यावं अशी त्याची अपेक्षा होती.

"हो का," अंजली म्हणाली. "अहो, जरा बाजूला सरका ना. ढग दिसत नाहीये."

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं अंजलीला फोन केला. एरवी तीच करायची. फोन व्यस्त. पुन्हा केला, व्यस्त. म्हणून आईला केला, तर तोही व्यस्त.  दोघी एकमेकींशी बोलत होत्या. मघाशी सकाळी तर घरातच होत्या दोघी, आता आणखी काय बोलायचं होतं? त्यानं अर्धा डबा तसाच झाकून ठेवला. आपण जळतोय हे त्याला कळत होतं. कुणावर, तेवढं ठरत नव्हतं. आई अंजलीला मिळाली म्हणून, की अंजली आईला मिळाली म्हणून? आणि याच्याही खाली एक वेगळंच काटेरी काही होतं: त्या चिकटपट्टीच्या रिमोटवर बाबांचा अंगठा असायचा. तिथे दुसरा कुणाचाही अंगठा त्याला बघवत नव्हता, आईचासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजली अंघोळीला गेली होती आणि आई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणत होती, तेव्हा त्यानं टीव्हीमागे हात घालून गेमचा अडॅप्टर काढला आणि ऑफिसच्या बॅगेत टाकला. फार गरम होतो, एखाद्या दिवशी पेट घेईल, असं त्यानं स्वतःला बजावलं. ऑफिसात डबा काढताना तो बॅगेतून टेबलावर पडला.

"कशाचा चार्जर, साळवे?" शेजारच्या वाल्मीकनं विचारलं.

"जुना आहे. टाकायचाय," प्रफुल्ल म्हणाला आणि त्यानं तो घाईघाईनं पुन्हा आत कोंबला.

संध्याकाळी तो जरा लवकरच निघाला. येताना त्यानं द्राक्षं घेतली. गेम बंद पडलाय म्हणून दोघी हिरमुसून बसल्या असतील, कदाचित एकमेकींवर ढकलत असतील, कदाचित गॅलरीतून हाकसुद्धा येईल, असं चित्र डोळ्यापुढे ठेवून तो जिना चढला. दाराला कुलूप होतं.

फोन केला, तर मागे गर्दीचा आवाज. "अहो, अडॅप्टर हरवलाय," अंजली ओरडून बोलत होती. "आम्ही शालिमारच्या बाजारात आलोय. यायला उशीर होईल. तुम्ही पोहे करून खा."

त्यानं पोहे केले नाहीत. रागानं द्राक्षं खाल्ली, सगळी.

दिवेलागण होऊन गेल्यावर दोघी आल्या. बोलतच जिना चढल्या, बोलतच आत आल्या. यशोदाबाईंच्या हातातल्या कापडी पिशवीत चक्क गेमचा सेट होता. नुसतं तोंडी सांगून दुकानदाराला कळेना, म्हणून त्या सेटच घेऊन गेल्या होत्या.

"काय मजा झाली माहितीये का!" अंजलीनं चपला कशाही काढल्या. "त्यानं अडॅप्टर लावला आणि म्हणाला, चालतोय का बघू. तर आई तिथेच दुकानात खेळायला बसल्या. बेडकांपर्यंत गेलो आम्ही. मागे माणसं जमली बघायला. तो दुकानदार म्हणतो, मावशी, आमच्या पोरांना शिकवा."

"आणि मग मिसळ खाल्ली," यशोदाबाई म्हणाल्या. "हिनंच आग्रह केला."

मिसळीला चल म्हणून प्रफुल्ल अंजलीला दिवाळीपासून म्हणत होता. नको हो, तेलकट असते, हे तिचं ठरलेलं उत्तर.  खुर्चीत बसून त्यानं पेपर उघडला. सकाळी पूर्ण वाचलेला पेपर.

आता बॅगेतला अडॅप्टर गुपचूप कपाटामागे टाकला, की विषय संपला, असा त्याचा हिशेब होता. पण रोज संध्याकाळी घासायला टाकण्यासाठी त्याचा डबा अंजलीच काढायची, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. पेपराआडून त्याला चेन उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. त्यानं पेपर खाली केला. अंजली एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात वायर लोंबणारा अडॅप्टर घेऊन त्याच्यापुढे उभी होती.

"हा तुमच्या बॅगेत कसा?"

"तो... गरम व्हायचा फार."

"मग सांगायचं. आम्ही सगळं घर उपसलं. आई दिवाणाखाली आडव्या झाल्या होत्या शोधायला."

"सांगितलं तर ऐकता कुठे तुम्ही?" त्याचा आवाज चढला. "घरात माणूस आलाय की गेलाय याचा पत्ता नसतो दोघींना. काय तो बबड्या! आणि तो रिमोट बाबांचा आहे, त्याचं तरी काही..." 

 अंजलीला आधी राग आलेला होता. तो हळूहळू ओसरला आणि हसू दाबायला तिनं ओठ मिटले. "अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जळताय का आमच्यावर?"

"मी कशाला जळू?"

"जळू दे गं त्याला," मागून यशोदाबाई म्हणाल्या. त्या दिवाणावर बसून पिशवीतून सेट काढत होत्या. "मी तर इतकी जळायचे, की विचारू नकोस."

"कुणावर?" अंजलीनं विचारलं.

"याच्यावर. आणि याच्या बापावर."

प्रफुल्लनं वळून बघितलं. आई अगदी साधेपणानं बोलत होती, शिक्षिका असताना शाळेत मुलांना गोष्ट सांगताना बोलायची तशी.

"माझी बदली तेव्हा सटाण्याकडे झालेली. तिथेच खोली घेऊन राहायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी पकडायचे. सगळा रस्ता डोक्यात एकच, पोर काय करत असेल. घरी यावं, तर हे दोघं टीव्हीपुढे. एकाचं पिल्लू, एकाचा ढग. 'आई, पिशवीत काय आणलंस?' एवढं एक विचारायचा हा, तेही मान न वळवता. मी पाणी पिऊन स्वयंपाकाला लागायचे. दारातून बघायचे. ती धून पाठ झाली होती मला. शाळेत फळ्यावर लिहिताना गुणगुणायचे."

"मग तू कधी खेळायला मागितला का नाहीस?" प्रफुल्ल म्हणाला.

"मागितला की. एकदा. तुझे बाबा म्हणाले, आधी भाकरी टाक, मग बघू. भाकरी टाकून आले तर तुम्ही म्हणालात, आता भूक लागली." त्या हसल्या. "त्यात वाईट काही नव्हतं रे. पण रिमोटच दोन. तिसऱ्या माणसानं करायचं काय? या वेळी अंजली म्हणाली, आई तुम्ही घ्या ना दुसरा. मला वाटलं, घ्यावा."

प्रफुल्लला यातलं काहीच आठवत नव्हतं. बाबांचा अंगठा आठवत होता, ढग आठवत होता, जिंकल्यावर बाबा पाठीवर द्यायचे ती थाप आठवत होती. दारात आई उभी असल्याचं त्यानं आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण दार काही डोळ्यापुढे आलं नाही. तो उठून बाहेर गॅलरीत गेला. परत आला तेव्हा दोघींनी नवा अडॅप्टर लावलेला होता.  तो तिसऱ्या खुर्चीवर बसला.

म्हणून त्याचं जळणं लगेच विझलं, असं मात्र झालं नाही. दोघी शेवटच्या टप्प्यावर पोचल्या. कौलारू छपरावर एक अगडबंब मांजर झोपलेलं असतं. त्याच्याशी लढायचं नसतं. त्याला जाग येऊ न देता, कौल न वाजवता पलीकडे जायचं. इथे पिल्लाचा पाय कौलाला लागताच कामा नये, सगळी भिस्त ढगावर. प्रफुल्ल आणि त्याचे बाबा हे छप्पर कधीच पार करू शकले नव्हते. शनिवारी संध्याकाळी दोघी तिथे हरल्या, तेव्हा प्रफुल्लच्या मनात पहिल्यांदा जे उमटलं तो आनंद होता. बरं झालं, असं वाटलं त्याला. आणि लगेच त्याला आपलीच लाज वाटली, इतकी की त्यानं उठून दोघींना पाणी आणून दिलं.

रविवारी यशोदाबाईंचा अंगठा दुखायला लागला. "धर जरा. बाम लावून येते," म्हणत त्यांनी चिकटपट्टीचा रिमोट त्याच्या हातात दिला.

लहानपणापासून तो नेहमी पिल्लूच असायचा. ढग त्यानं कधी चालवलाच नव्हता. आणि आता त्याला कळलं, की ढगाला जराही घाई करून चालत नाही. पिल्लू कुठे उडी मारणार ते आधी ओळखायचं, तिथे जायचं, आणि हलायचं नाही. तो सारखा पुढे पळायचा. बबड्या पुन्हा पुन्हा खाली पडला, शिंकला, कवच शोधत फिरला.

"अहो, थांबा ना एका जागी!" अंजली वैतागली. "आईंचं इतके दिवस बघताय, काही शिकला नाहीत का?"

"बाबा कसे थांबायचे कुणास ठाऊक," तो पुटपुटला.

तेवढ्यात सृष्टीचा येवल्याहून व्हिडिओ कॉल आला. तो फोन घेऊन गॅलरीत गेला. आजोबांनी तिला पैठणीचा माग दाखवायला नेलं होतं, मागावरचा मोर अजून अर्धाच झाला होता, आणि त्या मोराला पाय कधी येणार याची तिला भारी काळजी लागली होती. तिचं सगळं ऐकून, फोन ठेवून तो आत यायला वळला, तोच आतून असा काही कल्ला उठला की खालच्या मजल्यावरच्या चंद्रभागाबाईंनी खिडकी उघडून वर बघितलं.

तो धावत आत आला. पडद्यावर मांजर तसंच झोपलेलं होतं आणि त्याच्या पोटावर पिल्लू झोपलेलं, कवच बाजूला काढून ठेवलेलं. दोघांवर ढगानं पांघरुणासारखं अंग टाकलं होतं. खाली जपानी अक्षरं सरकत होती.

"झालं?" तो म्हणाला. "मी नसताना?"

"अहो, काय सांगू! शेवटच्या कौलावर—"

"शेवटच्या नाही गं, त्याच्या आधीच्या. मांजरानं शेपूट हलवली—"

"हो, शेपूट! आणि आई अशा गप्प थांबल्या, अशा—" अंजलीनं श्वास रोखून, डोळे मोठे करून दाखवलं.

दोघी एकदम बोलत होत्या, एकीचं वाक्य दुसरी तोडत होती, आणि दोघी त्याच्याकडे बघत होत्या. कितीतरी दिवसांनी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेपटीचं तर दोनदा. आपण तिथे नव्हतो याची बोच होतीच. पण ऐकताना तो हसतही होता. अक्षरं सरून गेली, पडदा काळा झाला आणि पहिलीच टिंगटिंग धून पुन्हा वाजायला लागली.

"संपलं?" यशोदाबाई जराशा खट्टू झाल्या. "आता पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून," प्रफुल्ल म्हणाला. "मला छप्पर बघायचंय. अंजली, मला दे ना एक."

अंजली क्षणभर रिमोट धरून बसली. मग तिनं तो त्याला दिला आणि ती खुर्चीवर सरकली. आई आणि मुलगा दिवाणावर शेजारी शेजारी बसले. तिसेक वर्षांपूर्वीचा तो खेळ दोघं पहिल्यांदाच एकत्र खेळत होते, आणि पहिल्याच दरीत प्रफुल्लनं ढग यायच्या आधी उडी मारली. पिल्लू कांद्यांच्या वाफ्यात पडून शिंकलं.

"ढग दिसत नाही का तुला?" यशोदाबाई म्हणाल्या. "मी येते आहे ना. थांब की जरा."

तो थांबला. ढग सावकाश पुढे गेला आणि दरीवर निश्चल उभा राहिला. पिल्लानं उडी मारली, पंख फडफडवले आणि मऊशार मधोमध उतरलं.

"अस्सं!" यशोदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"बेडकांनंतर माझा चान्स हं," खुर्चीवरून अंजली म्हणाली. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "आई, ऐकलंत ना? बेडकांनंतर मी." दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही, कारण पुढची दरी मोठी होती.